शाईच्या रेषेत माणसाची पायरी

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत मुंबई, साष्टी आणि पुणे या टापूत इंग्रज प्रवाशांनी, ईस्ट इंडिया कंपनीच्या अंमलदारांनी आणि त्यांच्या पदरी असलेल्या एतद्देशीय चितार्‍यांनी काढलेली शाईची रेखाचित्रे आजवर मुख्यतः लेण्यांची, देवळांची आणि देखाव्यांची नोंद म्हणून पाहिली गेली आहेत. त्यांत दिसणारी माणसे, म्हणजे खांबाला टेकलेला वाटाड्या, पालखीशेजारी बसलेले भोई, डोक्यावर टोपली घेतलेली स्त्री किंवा शेला पांघरलेला कारभारी, ही चित्राची शोभा समजून बाजूला सारली जातात. वास्तविक त्या काळच्या समाजात कोण कोणत्या पायरीवर उभा होता, आणि त्याहूनही अधिक म्हणजे चित्र काढणारा त्याला कोणत्या पायरीवर उभा करीत होता, हे या चित्रांतून जितके उघड होते तितके सरकारी दफ्तरांतूनही क्वचितच होते. मात्र ते वाचण्यासाठी दोन वेगळ्या खुणा ओळखाव्या लागतात: चित्रातल्या माणसाने अंगावर वागवलेल्या खुणा आणि चित्रकाराच्या हाताने नकळत सोडलेल्या खुणा. पहिल्या खुणांवर पुष्कळ लिहिले जाते. दुसर्‍या अधिक खर्‍या असतात.

मुंबईच्या उपनगरांपुरते पाहायचे झाले तर या विषयाचे केंद्र साष्टी बेट हे आहे. अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली, घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही आजची सगळी वस्ती त्या बेटावरची. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतलेले हे बेट १७७४ च्या अखेरीस कंपनीने काबीज केले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते तिच्याकडे कायम झाले. १८०५ मध्ये शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांध गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत पुरा झाला आणि मुंबईच्या साहेबांना होडीवाचून साष्टीत जाता येऊ लागले. जमिनीची मालकीही याच सुमारास हलू लागली होती. पवई आणि आसपासची गावे १७९९ मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांना मिळाली आणि पुढे १८२९ मध्ये ती फ्रामजी कावसजी यांच्याकडे गेली, तर भांडुपला ल्यूक अॅशबर्नर यांच्या मिळकतीत रम गाळण्याचा मोठा कारखाना चालत होता. म्हणजे चित्रकार कान्हेरीला किंवा जोगेश्वरीला पोचला तेव्हा भोवतालच्या गावांतला कुणबी, आगरी, कोळी, भंडारी, ख्रिस्ती शेतकरी आणि डोंगरातला वारली हा एका जुन्या सत्तेखालून नव्या सत्तेखाली आणि काही ठिकाणी नव्या जमीनमालकाखाली आलेला होता. चित्रातल्या माणसाची पायरी ठरवताना ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

साष्टीच्या लेण्यांकडे चित्रकार आले ते पुराणवस्तूंच्या ओढीने. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला, पुण्याच्या दरबारात त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढली आणि लेण्यांची रेखाटने करीत असतानाच १७९५ मध्ये तो साष्टीत वारला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत हेन्री सॉल्ट येथे आला. व्हायकाउंट व्हॅलेन्शिया या इंग्रज सरदाराचा चिटणीस आणि चित्रकार म्हणून तो प्रवासाला निघाला होता. साष्टीतील लेण्यांवरचा त्याचा सचित्र लेख मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या निबंधसंग्रहाच्या पहिल्या खंडात १८१९ मध्ये छापून आला. सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ मध्ये स्थापन केलेली ही संस्था म्हणजेच आजची मुंबईची एशियाटिक सोसायटी होय.

लेण्यांच्या अशा चित्रांत माणूस बहुधा मोजमापापुरता येतो. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहाच्या ओसरीतील बुद्धमूर्ती वीस फुटांहून उंच आहेत, हे कागदावर पटवून द्यायचे तर त्यांच्या पायाशी एक माणूस उभा करणे हा सोपा उपाय होता. युरोपीय चित्रकलेत अशा दुय्यम आकृत्या भरण्याची रूढ पद्धतच होती आणि त्यांचे काम अंतर, उंची व स्थळाचा रंगढंग दाखवण्यापुरते मानले जाई. आता मोजपट्टी म्हणून कोणाला उभे करायचे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण वर्गाचे वाचन येथूनच सुरू होते. साहेब स्वतः चित्रात येतो तेव्हा तो बहुधा पाहत असतो, बोट दाखवत असतो किंवा टिपणे घेत असतो. मोजपट्टी होतो तो वाटाड्या, हमाल किंवा गुराखी. एकाचे शरीर कृतीसाठी आहे आणि दुसर्‍याचे मापासाठी, हा फरक कपड्यांवरून ठरणार्‍या कोणत्याही फरकापेक्षा स्पष्ट आहे.

कान्हेरीच्या बाबतीत या फरकाला एक उपरोधिक जोड मिळते. त्याच चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर इसवी सनाच्या दुसर्‍या शतकातील दांपत्यांची शिल्पे आहेत. त्यांची शिरोभूषणे, कंबरपट्टे, कडी-तोडे इतके ठसठशीत आहेत की कोणताही चित्रकार तेथे रेंगाळणारच. लेण्यांतील ब्राह्मी लेखांत दान देणार्‍यांची नावे, त्यांचे धंदे आणि गावे कोरलेली आहेत. कल्याण, सोपारा येथले व्यापारी, सोनार, लोहार, भिक्षू, भिक्षुणी असे नाना थरांतले लोक तेथे नावानिशी उभे आहेत. मात्र ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये केला, त्यामुळे सॉल्टच्या पिढीला ही नावे वाचता येणे शक्य नव्हते. अशा स्थितीत सतराशे वर्षांपूर्वीचा लोहार दगडावर नावाने नोंदला गेला आणि चित्रकाराच्या शेजारी प्रत्यक्ष श्वास घेत उभा असलेला साष्टीचा माणूस मात्र कागदावर निनावी राहिला. ही त्रुटी एकट्या सॉल्टची म्हणता येणार नाही. त्या काळच्या सगळ्या पाहण्याचीच ती रीत होती.

चित्राखालील मथळा हाही वर्गाचा निदर्शक असतो. पेशवे, फडणवीस, रेसिडेंट म्हणजे दरबारातला कंपनीचा वकील यांची चित्रे नावाने ओळखली जातात; कारागीर, चाकर आणि शेतकरी यांची चित्रे जातीच्या किंवा धंद्याच्या नावाने. एक व्यक्ती असतो आणि दुसरा नमुना. तंजावरच्या मराठी राज्यात, सरफोजी दुसरे यांच्या काळात, जातीजातीच्या आणि धंद्याधंद्याच्या नवरा-बायकोच्या जोड्या चितारून त्यांचे संच इंग्रज गिर्‍हाइकांना विकण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला होता. कुंभार आणि कुंभारीण, विणकर आणि त्याची बायको अशा क्रमाने सारा समाज तेथे पानापानावर मांडलेला असे. मुंबईकडच्या मथळ्यांत आणखी एक घोटाळा आहे. कोळी आणि ओझी वाहणारा कुली या दोघांनाही इंग्रजी लिहिणारे एकाच वर्णाक्षरांनी लिहीत, त्यामुळे चित्रातली स्त्री वेसाव्याची मासेविक्री करणारी आहे की बंदरावरची मजूर, हे मथळ्यावरून ठरत नाही. तिच्या लुगड्याच्या नेसणीवरून आणि टोपलीतल्या मालावरून ठरवावे लागते.

आता अंगावरच्या खुणांकडे. शाईच्या चित्राची मोठी अडचण अशी की त्यात रंग नसतो. जरीचा पदर, लाल पागोटे, पांढरेशुभ्र उपरणे आणि मळकी घोंगडी यांतला भेद रंगाने चटकन कळला असता, तो रेषेत येत नाही. कित्येक चित्रकार म्हणूनच कडेला रंगांची टिपणे करून ठेवीत. रेषेला जमतो तो आकार. म्हणून या चित्रांत डोक्यावरचे पागोटे, धोतराची नेसण, अंगरख्याची लांबी आणि पायांतला जोडा या चार गोष्टी सर्वाधिक बोलक्या ठरतात. ब्राह्मणाची चक्री पगडी, प्रभूंची पगडी, पारशांची उभी पगडी, मराठा शिलेदाराचे मुंडासे आणि कोळ्याचे डोक्याला गुंडाळलेले फडके हे सगळे केवळ बाह्यरेषेने ओळखू येते. सुरका नेसलेला, म्हणजे कमरेभोवती तिकोनी वस्त्र बांधलेला कोळी आणि गुडघ्याखाली धोतर सोडलेला कारकून यांत गल्लत होण्याचे कारण नाही.

नेसणीचा हा भेद त्या काळी शोभेपुरता नव्हता, हे मुंबईच्याच एका प्रसिद्ध प्रकरणावरून दिसते. सोनार समाजातील लोक ब्राह्मणांप्रमाणे धोतर नेसतात आणि परस्परांना नमस्कार करतात, अशी तक्रार पुणे दरबाराने केली आणि १७७९ मध्ये मुंबईच्या कंपनी सरकारने सोनारांनी ‘नमस्कार’ हा अभिवादनाचा प्रकार वापरू नये असा हुकूम काढला. अभिवादनाचा एक शब्द आणि धोतराचा एक काष्टा यांसाठी दोन सरकारे पत्रव्यवहार करतात, यावरून त्या काळच्या चित्रकाराने धोतराची निरी कशी पाडली याला किती वजन आहे हे कळते. आजच्या वाचकाला जेथे नुसत्या चुण्या दिसतात, तेथे तत्कालीन पुणेकराला हक्क आणि आगळीक दिसत असे.

वाहने आणि चाकर यांचे वाचनही असेच करावे लागते. पेशवाईत पालखीत बसणे हा खर्चाचा नव्हे तर परवानगीचा विषय होता. पालखीचा मान आणि तिच्यासाठीची नेमणूक सरकारातून मिळत असे आणि अबदागीर, म्हणजे उन्हापासून छाया करणारी लांब दांड्याची, पानाच्या आकाराची सपाट छत्री, हीदेखील मानाची खूण होती. चित्रात अबदागीर धरणारा माणूस दिसला की ज्याच्यावर ती धरली आहे त्याचा दर्जा ठरतो. मुंबईत मात्र पैसा टाकला की पालखी मिळे, आणि कंपनीचा तरुण कारकूनही भोयांच्या खांद्यावरून फिरे. तेच वाहन पुण्यात राजमान्यतेचे आणि मुंबईत ऐपतीचे चिन्ह होते, म्हणून चित्र कोठे काढले हे कळल्याशिवाय पालखीचा अर्थ लावू नये.

येथेच युरोपीय वर्गकल्पना आणि महाराष्ट्रातील वास्तव यांची फारकत होते. वर्ग म्हणजे मालमत्ता, उत्पन्न आणि सत्ता यांवरून ठरणारी पायरी. जात म्हणजे जन्माने आणि विधींच्या अधिकाराने ठरणारी. एका चित्रात या दोन्ही पायर्‍या उलट्या दिशेने जाऊ शकतात. दौलतराव शिंदे यांच्या छावणीत ब्रिटिश रेसिडेंटच्या संरक्षक तुकडीचा प्रमुख असलेल्या टॉमस ड्यूअर ब्रॉटन याने १८०९ सालची पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने छापली. त्यातली चित्रे दीन अली या एतद्देशीय चित्रकाराच्या मूळ रेखाटनांवरून केलेली आहेत आणि त्यांतल्या एकाचा विषय आहे ब्राह्मणांना भोजन घालणारा मराठा सरदार. दौलत, शस्त्र आणि सत्ता यजमानाकडे. पंक्तीचा मान पाहुण्यांकडे. श्रीमंती हाच वर्गाचा एकमेव निकष मानून असे चित्र वाचले तर त्यात कोण कोणाला मान देत आहे हेच कळत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत सर्वात मोठी खूण म्हणजे त्यांचे नसणे. पडद्यातल्या किंवा वाड्यातल्या स्त्रियांपर्यंत परक्या चित्रकाराची पोच नव्हती. रस्त्यावर, बाजारात, विहिरीवर आणि शेतात दिसल्या त्या कष्टकरी स्त्रिया, म्हणून त्याच कागदावर आल्या. उच्चकुलीन स्त्री चित्रात दिसत नाही ती दर्जा नसल्याने नव्हे, उलट दर्जा असल्यामुळे. दागिन्यांवरूनही घाईने निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही, कारण कष्टकर्‍यांच्या घरात साठवलेला पैसा चांदीच्या वाळ्या-वाक्यांच्या रूपाने बाईच्या अंगावरच असे.

आता चित्रकाराच्या हाताकडे वळले पाहिजे, कारण लेखणी कोणाच्या हातात होती यावर रेषेचा कल ठरतो. सॉल्ट हा लिचफील्डच्या एका डॉक्टराचा मुलगा. फॅरिंग्टन आणि हॉप्नर या चित्रकारांकडे शिकलेला, पण प्रवासात एका सरदाराच्या आश्रयाला असलेला. वेल्सचा मदतनीस रॉबर्ट मेबन हा कंपनीच्या फौजेतला साधा शिपाई होता आणि पौर्वात्य चालीरीतींवरचे त्याचे सचित्र पुस्तक १७९७ मध्ये कलकत्त्यात निघाले. मारिया ग्रॅहॅम ही आरमारी अधिकार्‍याची मुलगी १८०९ मध्ये मुंबईला आली आणि तिचे सचित्र प्रवासवर्णन १८१२ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्र काढता येणे हे त्या काळच्या सुसंस्कृत इंग्रज घरातील मुलींचे आणि लष्करी अधिकार्‍यांचे अपेक्षित कसब होते. १८०९ मध्ये कंपनीने अॅडिस्कोम येथे काढलेल्या लष्करी विद्यालयात रेखाटन हा शिक्षणाचा भाग होता. म्हणजे हौशी रेखाटन ही स्वतःच वर्गाची खूण होती: ज्याला वेळ आहे, वही आहे आणि सामान उचलायला माणूस आहे, त्याचा तो उद्योग.

या मंडळींत गंगाराम चिंतामण तांबट याचे स्थान वेगळे आहे. पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने वेरूळची लेणी, पुण्यातील माणसे आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा यांची चित्रे १७९० च्या दशकात काढली. आज ती मोठ्या प्रमाणात येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. नावातच धंदा असलेल्या, भांडी घडवणार्‍या कारागिरांच्या समाजातून आलेला हा माणूस युरोपीय दृष्टिक्रम, म्हणजे दूरचे लहान आणि जवळचे मोठे दाखवण्याची पद्धत, शिकला आणि तरीही त्याच्या आकृत्यांची कडा घट्ट, सलग व ठाम राहिली. पाश्चात्त्य चित्रकार जेथे दोन-चार फटकार्‍यांत माणूस उरकतो, तेथे गंगाराम त्याला पूर्ण शरीर देतो. यामागे कारागिराची बंधुभावना होती असे म्हणणे मोहक असले तरी पुराव्याला धरून होणार नाही. दरबारी चित्रपरंपरेत प्रत्येक आकृती बंदिस्त रेषेनेच काढली जात असे. परिणाम मात्र चित्र पाहणार्‍याच्या पदरात पडतोच: त्याच्या चित्रातला माणूस मोजपट्टी वाटत नाही.

साधनेही सांगण्यासारखी आहेत. युरोपीय चित्रकार हंसाच्या पिसाची लेखणी आणि माजूफळ व हिराकस यांपासून केलेली शाई वापरीत. ही शाई कालांतराने तपकिरी पडते. येथला बोरू आणि काजळाची शाई काळीच राहते. इंग्लंडहून येणार्‍या कागदात कारखानदाराचा जलचिन्हित ठसा आणि पुष्कळदा वर्षही असते. अर्थात त्यावरून चित्र त्या वर्षाच्या आधीचे नाही एवढेच सिद्ध होते. शाईवर पाण्याचा पातळ हात फिरवून छाया देण्याची रीत होती, आणि ही छाया कोणाच्या चेहर्‍यावर बारकाईने दिली व कोणाच्या चेहर्‍यावर नुसता डाग टाकला, हे भिंगातून पाहिले की चित्रकाराचे लक्ष कोठे होते ते समजते.

तरीही आळशी दिसणार्‍या आकृतीवरून त्या माणसाबद्दल मत बनवण्यापूर्वी एक इंग्रज फॅशन लक्षात घ्यावी लागते. विल्यम गिल्पिन या धर्मोपदेशकाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘पिक्चरेस्क’ म्हणजे चित्रमय सौंदर्याचा जो विचार मांडला, त्यात पडझड झालेल्या वास्तू, वेड्यावाकड्या वाटा आणि त्यांच्याशी जुळणारी रिकामी बसलेली माणसे यांना मान होता. कामात गढलेला कारागीर गिल्पिनला देखाव्यात शोभत नसे. हा संस्कार घेऊन आलेल्या चित्रकाराने लेण्याच्या दारात पाय पसरून बसलेला माणूस काढला तर तो साष्टीचा स्वभाव नव्हे, इंग्लंडमधल्या चित्रकलेच्या पुस्तकाचा पाठ आहे. पुढे वसाहतीच्या लेखनात ‘सुस्त नेटिव्ह’ ही प्रतिमा रुजली, तिला अशा चित्रांनी हातभार लावला असल्यास नवल नाही.

मूळ कागद आणि छापील चित्र यांतले अंतर हा शेवटचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा आहे. वेल्सने वेरूळला केलेली रेखाटने त्याच्या मृत्यूनंतर टॉमस डॅनियल याने १८०३ मध्ये लंडनमध्ये छापली. वेल्सच्याच अभ्यासचित्रांवरून डॅनियलने १८०५ मध्ये पुणे दरबारातील मॅलेटच्या १७९० च्या तहाचे भव्य तैलचित्र रंगवले, तेही पुण्यात पाऊल न ठेवता. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. कॅप्टन ग्रिंडले याच्या पश्चिम हिंदुस्थानवरील प्रसिद्ध चित्रसंग्रहाचीही (१८२६-१८३०) गोष्ट अशीच, त्याच्या रेखाटनांना अंतिम रूप लंडनमधील व्यावसायिक चित्रकारांनी दिले. मूळ कागदावरचा हमाल छापील प्रतीत पुतळ्यासारखा रेखीव होतो, फाटके धोतर शिल्पातल्या वस्त्रासारखे पडते, आणि जेथे कोणीच नव्हते तेथे एखादा फकीर येऊन बसतो, हे अशा उद्योगात सहज घडणारे. वर्गाबद्दल काही ठाम म्हणायचे असेल तर छापील चित्रावर विसंबू नये. मूळ रेखाटन उपलब्ध असल्यास तेच पाहावे आणि दोहोंतला फरक हाच पुरावा समजावा.

या मूळ चित्रांपैकी बरीच आता संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकारात पाहता येतात. त्यांतली नेसण, टोपल्या, दागिने आणि अवजारे ओळखण्याचे काम परदेशातील अभ्यासकांपेक्षा वेसावे, गोराई, मनोरी, कांजूर, मुलुंड येथील जुन्या गावठाणांतले आणि कोळीवाड्यांतले वडीलधारे अधिक अचूक करू शकतील. मनोरीच्या ईस्ट इंडियन संग्रहालयाने पोशाख आणि घरगुती वस्तू जपल्याच आहेत. उपनगरांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ही चित्रे छापून या वस्त्यांत न्यावीत, तेथल्या वृद्धांना दाखवावीत आणि मिळालेली माहिती नावगावासह लिहून संबंधित संग्रहालयांकडे पाठवावी.